वय काढायचं, तर असं काढा

मी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये २२ वर्षं टेक्निशियन आहे. सॅम्पल घेण्याआधी फॉर्मवरचा 'वय' हा रकाना मी पहिला बघते. तो कोरा असेल तर रिपोर्टमधल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. अल्कलाइन फॉस्फेटेज नावाची एक तपासणी आहे. हाडं वाढीला लागलेली असतात तेव्हा ते रक्तात जास्त सापडतं. म्हणून १४ वर्षांच्या मुलात जो आकडा अगदी ठीक, तोच पन्नाशीतल्या माणसात दिसला की डॉक्टर पुढच्या तपासण्या लिहून देतात.

सुपरहिरोंच्या वयावरून हमरीतुमरीवर येणाऱ्या आमच्या पोरांना मी हेच सांगत असते. पीटर पार्करने, म्हणजे स्पायडरमॅनने, १५व्या वर्षी केलेली चूक आणि तिशीत केलेली तीच चूक यांचा रिपोर्ट वेगळा येतो. तेव्हा वय जरूर काढा, पण ते गोष्टीत काय काम करतं हे बघायला काढा.

शनिवारी संध्याकाळी कचराळी तलावाच्या फेऱ्या झाल्या की कट्ट्यावर आमची मैफल बसते. माझा भाचा, त्याचे दोन मित्र, आमच्या बिल्डिंगमधली इंजिनिअरिंग करणारी मुलगी आणि कधीकधी तिचे आजोबा. पडद्यावरचा स्पायडरमॅन म्हणून टोबी मॅग्वायर खरा की टॉम हॉलंड, यावरून एकदा इतकं पेटलं की भाचा दोन आठवडे फिरकला नाही. बहिणीकडे जाऊन त्याला परत आणलं आणि येताना गोखले रोडवरून एक जाडजूड वही घेतली. पुढचं सगळं त्या वहीतून शिकलेलं आहे.

तोंड उघडायच्या आधी तीन रकाने आखा: कागदावरच्या पात्राचं वय, पडद्यावरच्या पात्राचं वय, नटाचं वय. आमच्या वहीचं पहिलं पान पीटरचंच आहे. १९६२च्या ऑगस्टच्या कॉमिकच्या अंकात स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी तो आणला तेव्हा तो शाळकरी पोरगा होता. २००२च्या चित्रपटात तो शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे आणि त्याच चित्रपटात शाळा संपवून बाहेर पडतो. मॅग्वायर तेव्हा २६चा होता. २०१२ला अँड्र्यू गारफिल्डचा पीटर शाळेतच, नट २८चा. २०१७ला हॉलंड २१चा. त्या चित्रपटात टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, त्याला १४ वर्षांचा म्हणतो आणि पीटर लगेच १५ म्हणून दुरुस्ती करतो. भर भांडणात एक वर्ष सोडायला तयार नाही! त्या वयाची मुलं रोज माझ्यासमोर बसतात. सुई टोचताना डोळे मिटून घेतील, पण फॉर्मवर वय चुकलं असेल तर आधी ते बदलायला लावतील.

रकाने भरले की अर्धा वाद तिथेच निवतो, कारण एक जण नटाबद्दल बोलत असतो आणि दुसरा पात्राबद्दल. उरलेल्या अर्ध्यासाठी विचारा, "कुठल्या अंकातला?" मूळ पीटर शाळकरीच, असं ठासून सांगणाऱ्याला हे ठाऊक हवं की १९६५ला, त्याच्या स्वतंत्र मासिकाच्या २८व्या अंकातच, पीटर शाळा संपवतो. पुढे कॉलेज, फोटोग्राफी, १९८७ला लग्न, आणि २००७ला ते लग्न झालंच नव्हतं अशी फिरवाफिरव. म्हणून आमच्याकडे 'मूळ' हा शब्द अंकाचं साल सांगितल्याशिवाय चालत नाही.

आता मे काकू, पीटरला वाढवणारी. इथे जरा थांबते, कारण सगळ्यात चांगला वाद आमच्याकडे हिच्यावरून झाला.

मुलं तिला 'आँट मे' म्हणतात. मी म्हटलं, आधी नातं सांगा. इंग्रजीत एका शब्दात भागतं. आपल्याला आत्या, मावशी, मामी की काकू ते ठरवावंच लागतं. तिचा नवरा बेन हा पीटरच्या वडिलांचा भाऊ, म्हणजे ही काकू. जुन्या अंकांत ती पांढऱ्या केसांची, सतत आजारी. १९६५-६६च्या सुमारास एक गाजलेली कथा आली. तिच्यासाठी लागणारं औषध समोर पडलंय, वरून पाणी गळतंय आणि पीटर अंगावर कोसळलेलं अवजड यंत्र उचलतोय. २००२ला ही भूमिका रोझमेरी हॅरिस यांनी केली, वय ७४. २०१७ला मरिसा टोमेई, वय ५२. भाचा म्हणाला, "मावशी, ही काकू वाटतच नाही." तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. पण आमच्या कल्याणच्या वाड्यात धाकटी काकू माझ्याहून फक्त १२ वर्षांनी मोठी होती. तिनेच मला सायकल शिकवली. १५ वर्षांच्या मुलाची काकू ५२ची असणं आपल्या घरांत रोजचंच आहे. अवघडलेलं गणित ७४चं आहे.

हे झालं हिशोबाचं. खरी कसोटी पुढे आहे: जुनं वय परत घालून बघा आणि कुठला प्रसंग मोडतो ते शोधा. हॉलंडच्या चित्रपटांत बेन काका जवळपास नाहीतच. 'मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते' हे प्रसिद्ध वाक्य तिथे मे काकू म्हणते, २०२१च्या चित्रपटात, आणि त्यातच ती जाते. तिच्या जागी ७४ वर्षांची आजारी बाई ठेवा. प्रेक्षक पहिल्या भागापासूनच तिच्या जाण्याची मनाची तयारी करून बसला असता. पन्नाशीतली, धावपळ करणारी, हसरी बाई गेली म्हणून तो घाव बसतो. पण काहीतरी हरवलंही. औषधासाठी यंत्र उचलणारा पीटर या मे काकूबरोबर शक्य नाही, कारण तिला त्याने सांभाळायची गरजच उरत नाही. मला तो पीटर जास्त जवळचा आहे. वहीत दोन्ही लिहिलंय.

त्या वाक्यावरून कोणी अडून बसलं की ते बेन काकांचंच आहे, तर १९६२च्या कथेचं शेवटचं पान दाखवा. तिथे ते कोणाच्याच तोंडी नाही, शेवटच्या चौकटीतल्या निवेदनात आहे.

यापुढची पायरी: पात्राची तारीख भिंतीत ठोकलेली आहे की दोरीवर वाळत घातलेली, हे बघा. आयर्न मॅनची दोरीवर आहे. १९६३च्या कथेत तो व्हिएतनाममध्ये जखमी होतो, २००८च्या चित्रपटात अफगाणिस्तानात. युद्ध सरकवलं, माणूस तोच राहिला, काहीही फाटलं नाही. 'एक्स-मेन'मधला खलनायक मॅग्नेटो, त्याची तारीख मात्र ठोकलेली. २०००चा चित्रपट सुरूच होतो १९४४च्या पोलंडमध्ये, आईवडिलांपासून तोडलेल्या एका ज्यू मुलापासून. तो छळछावणीचा प्रसंग दुसऱ्या दशकात नेला तर मॅग्नेटो उरतच नाही. त्यामुळे तो दरवर्षी म्हातारा होत जाणार, आणि लेखकांना त्यावर तोड काढावी लागते. कॉमिकमध्ये तर त्याला एकदा तान्हं बाळ करून पुन्हा ऐन उमेदीत आणलं होतं.

कॅप्टन अमेरिका या दोहोंच्या मध्ये. त्याचं महायुद्ध ठोकलेलं, पण त्यानंतर बर्फात गोठून काढलेली झोप दोरीवर. १९६४च्या अंकात तो जागा होतो तेव्हा जेमतेम २० वर्षं गेलेली. चित्रपटात जवळपास ७०. त्याचं स्वतःचं वय तेवढंच, पण त्याची प्रेयसी पेगी कार्टर अंथरुणाला खिळलेली म्हातारी झाली आहे. इंजिनिअरिंगवाली मुलगी म्हणाली, की वय न बदलता फक्त झोप लांबवून केलेला हा सगळ्यात मोठा बदल. मला ते तंतोतंत पटलं.

'एक्स-मेन'मधल्याच वुल्व्हरीनच्या उंचीवर फार वेळ घालवू नका. कागदावर ५ फूट ३ इंच, ह्यू जॅकमन ६ फूट २. फरक खरा आहे आणि बुटक्या, चिडक्या माणसाची गंमत गेली हेही खरं, पण दहा मिनिटांत त्यावरचं सगळं बोलून होतं.

घरातल्या मोठ्यांना या वादात ओढायचं असेल तर फास्टर फेणेपासून सुरुवात करा. भा. रा. भागवतांचा बनेश म्हणजे फुरसुंगीहून पुण्यातल्या विद्याभवनात आलेला शाळकरी मुलगा. २०१७च्या चित्रपटात अमेय वाघचा फेणे वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो. तीन रकाने आखा, जुनं वय परत घाला, आणि सांगा काय मोडतं. परीक्षा घोटाळ्याची गोष्ट शाळकरी मुलाच्या वाट्याला येऊच शकत नाही, म्हणून वय वाढवणं भाग होतं. पण त्या वयाबरोबर संकटात आपणहून उडी घेणाऱ्या लहान पोराची भाबडी हिंमत गेली, आणि पुस्तकांवर माझा जीव त्याच हिंमतीमुळे जडला होता. माझी आई कॉमिकचं नाव काढलं की उठून जायची. फेणेवर ती पाऊण तास बोलली.

आमचे काही नियमही सांगून ठेवते. चित्रपट पाहिल्या दिवशी वाद नाही, एक रात्र जाऊ द्यायची. ज्याने पाहिला नाही त्याच्यासमोर शेवट सांगायचा नाही. 'तुला काय कळतं' म्हणणाऱ्याने त्या दिवशी सगळ्यांना कणीस द्यायचं. आणि कोणी मत बदललं तर वहीत त्याच्या नावापुढे तारीख टाकायची. ही नोंद मुलं मोठ्या प्रेमाने जपतात. भाच्याच्या नावापुढे चार तारखा आहेत.

गेल्या शनिवारी आजोबांनी वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, काढला. त्यांच्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचे जुने मराठी अंक अजून ट्रंकेत आहेत. ली फॉकने १९३६ला सुरू केलेला हा बुरखेधारी, जंगलातल्या लोकांच्या लेखी अमर, प्रत्यक्षात बापाच्या जागी मुलगा असा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. मी रकाने आखले. नटाचा सोपा: १९९६च्या चित्रपटात बिली झेन, वय ३०. कागदावरच्या वयापाशी पेन अडलं. आजोबा म्हणाले, "तिथे वय नको लिहूस, 'एकविसावा' लिही." लिहिलं, आणि कोणी हरकत घेतली नाही.

मग इंजिनिअरिंगवाल्या मुलीने विचारलं, "आजोबा, वेताळ आणि त्याची बायको डायना यांना जुळी आहेत ना, किट आणि हेलॉईज? मग बाविसावी हेलॉईज का नाही?" आजोबांनी ट्रंक उघडायचं कबूल केलंय. या शनिवारी अंक घेऊन येतील.