मनगटाचा पट्टा कसा निवडाल?

नागपुरात सीताबर्डीवर किंवा धंतोलीत औषधाच्या दुकानात जाऊन ‘रिस्ट बेल्ट द्या’ म्हटलं, की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘साइज कोणता?’ त्याच्याही आधी आपण स्वतःला विचारायला हवं, की दुखतंय नेमकं कुठे आणि कधी. त्याचं उत्तर घरूनच ठरवून निघा. भलताच पट्टा घट्ट आवळून महिनाभर दुखणं सोसणारी माणसं बघवत नाहीत.

आधी दुखणं ओळखा

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, मुंग्या येतात, रात्री झोपमोड होते आणि हात झटकला की जरा बरं वाटतं? ही कार्पल टनेल सिंड्रोमची ठरलेली लक्षणं. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून मीडियन नर्व्ह नावाची नस जाते, ती तिथे दाबली जाते. मनगट पुढे किंवा मागे वाकलं की दाब वाढतो, आणि झोपेत आपण नकळत मनगट दुमडतोच. त्यामुळे इथे पट्ट्याचं खरं काम रात्रीचं आहे. गरोदरपणात, मधुमेहात आणि थायरॉइड कमी असताना हा त्रास जास्त दिसतो.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येत असेल, बाळाला उचलताना किंवा कपडे पिळताना ती वाढत असेल, तर दुखणं अंगठ्याच्या कंडरांचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यांचं असू शकतं. नुसतं मनगट बांधणारा पट्टा इथे उपयोगाचा नाही. अंगठाही धरून ठेवणारा ‘थंब स्पायका’ मागा.

हात टेकून पडलात आणि अंगठ्याच्या मुळाजवळच्या खळगीत दाबल्यावर दुखतंय, तर पट्टा घ्यायला जाऊच नका. तिथलं स्कॅफॉइड हे छोटं हाड मोडलेलं असू शकतं आणि पहिल्या एक्स-रेत ते कधीकधी दिसतही नाही. मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा जवळच्या हाडांच्या डॉक्टरांकडे हात दाखवा.

मग प्रकार ठरवा

मऊ इलॅस्टिकचा, अंगठ्यात अडकवायचा पट्टा हलक्या मुरगळण्याला किंवा काम करताना थोडा आधार म्हणून ठीक. तो मनगट वाकणं थांबवत नाही. आत धातूची पट्टी असलेला ‘कॉक-अप स्प्लिंट’ मनगट स्थिर ठेवतो. कार्पल टनेलसाठी तोच घ्या, पण आतली पट्टी बाहेर काढून एकदा बघा. बऱ्याचदा ती मागच्या बाजूला वाकवलेली येते. नसेवरचा दाब कमी ठेवायचा तर मनगट जवळजवळ सरळ हवं. पट्टी अ‍ॅल्युमिनिअमची असेल तर हाताने हळूहळू सरळ करता येते. नीट जमत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या.

काम कोणतं आहे हेही बघावं लागतं. आपल्याकडे उलट्या मडक्यावर लांब पोळ्या करणाऱ्या बायांचे हात बघा. सैल कणीक दोन्ही हातांवर झेलत, ताणत पोळी मोठी होते, आणि प्रत्येक झेलेला मनगट वाकतं. कडक पट्टा बांधून हे काम होणार नाही, मऊ पट्टा कणकेने माखेल. अशा बाईने काम आटोपल्यावर आणि रात्री कडक पट्टा वापरावा, मधे मधे हाताला विसावा द्यावा.

माप घरीच घ्या

शिवणकामाच्या टेपने, दुखऱ्याच हाताच्या मनगटाचा घेर हाडाच्या उंचवट्याजवळ मोजा. सूज दिवसभरात वाढत असेल तर संध्याकाळी मोजा. आकडा सेंटिमीटरमध्ये लिहून न्या, कारण एका कंपनीचा ‘मीडियम’ दुसरीकडे ‘लार्ज’ निघतो. खोक्यावरचा तक्ताच खरा. डावा की उजवा, तेही तपासा.

दुकानात घालून बघा

पट्ट्याची वरची कड तळव्यावरच्या आडव्या रेषांच्या खाली राहायला हवी. मूठ पूर्ण वळली पाहिजे आणि अंगठा करंगळीपर्यंत पोचला पाहिजे (थंब स्पायकात अंगठा अर्थातच अडकलेला राहतो). मग पाच-दहा मिनिटं तसाच ठेवा. नख दाबून सोडा, दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. बोटं थंड पडली, निळसर झाली किंवा मुंग्या वाढल्या तर पट्टा सैल करा, नाहीतर बदला. जास्त घट्ट म्हणजे जास्त आधार, ही समजूत सोडून द्या. आवळल्याने नसेवरचा दाबच वाढतो.

नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार करा

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा जाड निओप्रिनचा, म्हणजे रबरासारख्या कापडाचा पट्टा म्हणजे घाम, पुरळ आणि खाज. मार्चनंतर घेत असाल तर मी जाळीच्या किंवा सुती अस्तराच्या पट्ट्याचाच आग्रह धरेन, थोडे पैसे जास्त गेले तरी. न जमल्यास जुन्या सुती मोज्याचा पंजा कापून, अंगठ्यासाठी भोक पाडून तो आत घाला. मोजा रोज धुता येतो.

कधी घालायचा, कधी काढायचा

कार्पल टनेलसाठी रोज रात्री, साधारण सहा आठवडे घालून बघतात. दिवसभर बांधून ठेवू नका. मनगट आखडतं, स्नायू कमजोर होतात. कडक पट्टा बांधून दुचाकी चालवू नका, ब्रेक वेळेवर दाबता येत नाही. सहा आठवड्यांनी फरक नसेल, हातातून भांडी निसटत असतील किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग चपटा दिसू लागला असेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

धुताना धातूची पट्टी काढा, वेल्क्रो बंद करा, म्हणजे त्यात धागे अडकत नाहीत. साध्या पाण्यात साबणाने हातानेच धुवा आणि सावलीत वाळवा, कारण कडक उन्हात इलॅस्टिक लवकर सैल पडतं. वेल्क्रो पकड सोडू लागला की पट्टा बदलायची वेळ झाली.