मालिकेत 'एक अल्पसंख्याक पात्र' घालताना या चुका टाळा

इंदुरात मराठी माणूस संख्येनं कमी, त्यामुळे हिंदी मालिकेत मराठी पात्र आलं की घरातल्या सगळ्यांचे कान टवकारतात. बहुतेक वेळा ती निघते कामवाली बाई, नाहीतर हवालदार. बाई 'अगं बाई' म्हणते, गणपतीच्या भागात नऊवारी नेसून मोदक वाढते आणि मग गायब होते. ऐतिहासिक मालिकेत मात्र आम्ही थेट गादीवर! मधली माणसं, म्हणजे लोकमान्य नगरातले निवृत्त बँकवाले काका किंवा सुदामा नगरात शिकवण्या घेणारी मुलगी, पडद्यावर शोधावी लागतात. इथली जी मुलं आता मालिका-वेब सीरिज लिहायला घेतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एकावर भागवणं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी 1977 साली एका मोठ्या कंपनीतल्या मोजक्या स्त्रियांबद्दल लिहिलं. गटात एखाद्या समूहाचं प्रमाण साधारण 15 टक्क्यांच्या खाली असलं की त्या माणसांकडे सगळ्यांची नजर लागते, त्यांचं वेगळेपण फुगवून पाहिलं जातं आणि ती ठरावीक भूमिकेत अडकतात. पडद्यावर हेच होतं. एकटं पात्र अख्ख्या समाजाचं वकीलपत्र घेऊन उभं राहतं, मग त्याला साधं चिडताही येत नाही. उपाय सोपा आहे: त्याच समाजातली निदान दोन माणसं घ्या आणि त्यांचं एकमेकांशी पटू देऊ नका. रामबागेतला जुना वाडा विकायचा की नाही यावरून भांडणाऱ्या दोन जावा लिहिल्या, की 'मराठी बाई' आपोआप नाहीशी होते आणि दोन बायका उरतात.

टोपी घातली की झालं, असं समजणं. ही चूक आपण मराठी लेखकही सर्रास करतो, आणि मला ती सगळ्यात जास्त खुपते. मुसलमान पात्र म्हटलं की डोळ्यांत सुरमा, तोंडी जड उर्दू आणि ईदला शीरखुर्मा. आता इंदूरच्या सियागंजातल्या एखाद्या बोहरी व्यापाऱ्याच्या घरी काय असतं ते बघा. पुरुषांची पांढरी टोपी सोनेरी काठाची, बायकांचा रिदा, म्हणजे डोक्यासकट अंग झाकणारा पोशाख, रंगीत. घरात बोलतात ती भाषा गुजरातीच्या वळणाची, अरबी शब्द मिसळलेली. जेवायला सगळे एकाच मोठ्या थाळाभोवती बसतात, सुरुवात चिमूटभर मिठानं होते. यातलं काहीही त्या सुरमेवाल्या पात्रात बसत नाही. मात्र हा तपशील कळला म्हणून तोच दाखवत सुटू नका. थाळाभोवती बसलेल्या बापलेकीत उधारी कशी वसूल करायची यावरून वाद चालला असेल, तर प्रसंग तो आहे. मीठ आपलं जाता जाता दिसेल.

भाषेचंही तेच. इंदूरचा मराठी माणूस घरी मराठी बोलता बोलता हिंदी शब्द वापरतो आणि दारात कुणी आलं की सहज 'अरे भिया' म्हणतो. त्याच्या तोंडी मुंबईची टपोरी हिंदी घालू नका.

देवमाणूस करून टाकणं. वाईट दाखवलं तर टीका होईल, या भीतीनं अल्पसंख्याक मित्राला इतकं चांगलं करतात की शेवटी तो नायकासाठी गोळी झेलून मरतो. हा मान नाही, ही त्याला कथेतून बाहेर काढायची पद्धत आहे. त्याला कंजूष असू द्या, चुकीच्या मुलीच्या प्रेमात पडू द्या, आणि जगू द्या.

मुसलमान पात्रांसाठी ब्रिटनमध्ये 2018 साली 'रिझ टेस्ट' निघाली, अभिनेते रिझ अहमद यांच्या नावावरून. पात्राचा दहशतवादाशीच संबंध जोडलाय का, ते विनाकारण संतापी, मागासलेलं, पाश्चात्त्य जीवनपद्धतीला धोका असलेलं आहे का, पुरुष असेल तर स्त्रियांना तुच्छ लेखणारा आणि स्त्री असेल तर घरच्या पुरुषांनी दडपलेली आहे का, असे पाच प्रश्न. एकाचंही उत्तर 'हो' आलं की नापास. आपल्या मालिकांना ही चाळणी लावताना सहावा प्रश्न मी जोडेन: पात्र काढून टाकलं तर सणाच्या भागाशिवाय कुठे काही अडतं का?

'निदान दाखवलं तरी' म्हणून थांबणं. पहिल्यांदा दिसण्याला मोल आहे, ते मी नाकारत नाही. 1966 मध्ये सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या अंतराळयानावरच्या अमेरिकन मालिकेत निशेल निकोल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला यानावरच्या अधिकाऱ्याची भूमिका मिळाली. भूमिका आक्रसत चालली म्हणून त्या सोडायला निघाल्या, तेव्हा खुद्द मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबायला सांगितलं. त्या थांबल्या. पण त्यांची तक्रार खरी होती, आणि ती मिटवणं लेखकांच्या हातात होतं.

सल्ला उशिरा घेणं. शूटिंगच्या आदल्या दिवशी ओळखीच्या कुणाला फोन करून 'तुमच्यात याला काय म्हणतात?' विचारलं, तर फार तर एखादा शब्द सुधारतो. कथेची रूपरेषा ठरतानाच त्या समाजातला लेखक टेबलावर हवा. त्याला मानधन द्या, नामावलीत नाव द्या, आणि 'हा प्रसंग आमच्याकडे असा घडणारच नाही' असं तो म्हणाला तर प्रसंग बदलायची तयारी ठेवा.