म्हैसमाळवर उभं राहून डोंगरावरच्या लष्करी रडारचा इतिहास कसा समजून घ्यायचा

आमच्या संभाजीनगरात रडार हा शब्द घरोघरी पोचला तो 2015 ला, कृत्रिम पावसाच्या वेळी, विभागीय आयुक्त कार्यालयाच्या गच्चीवर डॉपलर रडार, म्हणजे ढग-पाऊस टिपणारं रडार, बसवलं तेव्हा. पाऊस किती पडला ते सोडा, पण भाच्यानं विचारलं, "मामा, गच्चीवरच कशाला, खाली अंगणात का नाही?" बस, इथूनच सुरुवात करा.

आधी डोंगरावरचं एक बंद पडलेलं लष्करी रडार स्टेशन निवडा. मी कॅलिफोर्नियातला माउंट उमनम घेतला, सॅन होजे शहराच्या डोक्यावरचा. तिथं 1957 ते 1980 अमेरिकन हवाई दलाचं अल्माडेन स्टेशन होतं. चालू असलेलं, त्यातही आपल्या देशातलं स्टेशन घेऊ नका राव, फोटोबिटो काढायच्या नादात नसती भानगड मागं लागायची.

मग उंचीचा हिशोब करा. उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, 4.12 नं गुणा, येईल तेवढे किलोमीटर रडारला जमिनीलगतचं दिसतं. उमनम 1063 मीटर, म्हणजे साधारण 134 किलोमीटर. आपलं म्हैसमाळ, संभाजीनगरजवळचं थंड हवेचं ठिकाण, पुस्तकात 1067 मीटर छापलेलं असतं, मी लगेच छाती फुगवून भाच्याला म्हणालो बघ, आपला डोंगर त्यांच्यापेक्षा चार मीटर भारी! पण ती समुद्रापासूनची उंची झाली ना, आपलं शहरच 570 च्या आसपास बसलंय, म्हणजे म्हैसमाळला खरी उंची मिळते पाचशेच, आणि आकडा येतो 92 वर. उमनमच्या पायथ्याचं शहर मात्र समुद्रसपाटीच्या जवळपास आणि समुद्र पण लांब नाही. त्यामुळं डोंगराची उंची नुसती वाचू नका, भोवतालची जमीन वजा करा. विमान उंचावर असलं तर त्याच्या उंचीचा असाच आकडा काढून त्यात मिळवायचा, म्हणून उंचावरचं विमान लईच लांबून दिसतं.

आता सावली. दूरदर्शनच्या टॉवरजवळ कणीस खात उभं राहा आणि खुलताबादकडं उतरणाऱ्या एखाद्या जीपवर नजर ठेवा. वळणावर ती कड्याआड जाते, गायब, मग बऱ्याच वेळानं खाली भलतीकडंच उगवते. जीप रस्त्यावरच होती, आपल्यालाच दिसत नव्हती. डोंगराआडून खालून उडणारं विमान रडारला असंच चुकवतं. हे एकदा डोळ्यानं बघितलं की एकाच डोंगरावर का भागत नाही, स्टेशनांची साखळी का लागते, ते सांगावं लागत नाही.

नंतर तारखा. उघडलं तेव्हा भीती कुणाची होती हे विचारा: 1957 ला सोव्हिएत बॉम्बर विमानांची. पुढं क्षेपणास्त्रांची भीती मोठी झाली, तंत्र बदललं, 1980 ला कुलूप लागलं.

तुकडीचा नंबर शोधायला विसरू नका, तो सापडला की जुने फोटो अन् आठवणी पटापट हाती लागतात. उमनमवर 682 वी रडार स्क्वाड्रन होती. जवान बायकापोरांसकट वर राहायचे, बोलिंगचा हॉल होता, पोहायचा तलाव होता, आणि पाच मजली काँक्रीटच्या ठोकळ्यावर सुमारे 85 टनांचा अँटेना गरगर फिरायचा. खाली शहरातल्या लोकांच्या टीव्ही-रेडिओत त्याची खरखर यायची म्हणे. मला तर सगळ्या आकड्यांपेक्षा ही खरखरच जास्त आवडली.

शेवटी काय उरलंय ते बघा, आणि कोणाच्या नावानं. तो डोंगर मुळात तिथल्या आमाह मुत्सुन आदिवासींचा पवित्र डोंगर, रडार फक्त 23 वर्षांचा पाहुणा. एस्बेस्टॉस आणि शिशाचा रंग साफ करून, बाकी इमारती पाडून, 2017 ला शिखर लोकांसाठी खुलं केलं. काँक्रीटचा ठोकळा तेवढा ठेवलाय.

म्हैसमाळला जायचं तर पाऊस उघडल्यावर जा. भर श्रावणात ढगात जीप तर सोडाच, स्वतःची गाडी सापडत नाही.