मर रोगाला दाद न देणारा हरभरा घडवताना या चुका टाळा

हरभऱ्यात संकर जमतो, फसते ती निवड. मर रोगाच्या प्लॉटमध्ये, म्हणजे रोगाची बुरशी असलेल्या चाचणीच्या जमिनीत, झाड जगलं की ते प्रतिकारक्षम धरलं जातं. प्रत्यक्षात अनेकदा त्याच्या मुळाशी मर रोगाची फ्युजॅरियम बुरशी पोचलेलीच नसते.

म्हणून जेजी 62 हा हमखास बळी पडणारा वाण दर दोन-चार ओळींनंतर पेराच. ही ओळ मरत नसेल, तर शेजारच्या हिरव्यागार ओळीची नोंद ग्राह्य धरू नका. जगलेलं झाडही लगेच अंतिम मानू नका. त्याचं बी वेगळ्या ओळीत, पुन्हा त्याच रोगट जमिनीत पेरा. आणि या प्लॉटमधल्या बियाण्याला थायरम, कार्बेन्डाझिम ही बुरशीनाशकं किंवा ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी चोळू नका. शेतकऱ्याच्या रानात बीजप्रक्रिया हवीच, इथे मात्र तिच्यामुळे कमजोर वाणही तगतो.

सगळ्यात महागात पडते ती मोजणीची घाई. जेजी 62 रोपावस्थेतच मान टाकतो, तर के 850 आणि सी 104 हे वाण उशिरा मरतात. एकदाच मोजणी करून मोकळे झालात, तर असे वाण प्रतिकारक्षम यादीत जाऊन बसतात. रोपावस्था, फुलोरा आणि घाटे भरताना अशा तिन्ही वेळी मोजा. उलट, उशिरा मरतो म्हणून वाण टाकूनही देऊ नका! बुरशीच्या पहिल्या प्रकाराविरुद्ध निदान तीन जनुकं काम करतात. एकटं जनुक मर लांबवतं, दोन एकत्र आली की झाड पूर्ण तगतं. के 850 आणि सी 104 यांच्यातली जनुकं वेगळी असल्यामुळेच त्यांच्या संकरातून प्रतिकारक्षम झाडं मिळाली. मला या पिकातली ही सर्वांत उमेद देणारी गोष्ट वाटते.

एकाच ठिकाणच्या चाचणीवरही विसंबू नका. हवारे आणि नेने या शास्त्रज्ञांनी 1982 मध्येच भारतातल्या या बुरशीचे चार प्रकार दाखवून दिले होते. एका प्रकाराला पुरून उरलेला वाण दुसऱ्यापुढे टिकेलच असं नाही. डब्ल्यूआर 315 या वाणातला प्रतिकार मार्करच्या (जनुक ओळखायला मदत करणाऱ्या डीएनएतल्या खुणेच्या) मदतीने अण्णिगेरी 1 या वाणात आणून ‘सुपर अण्णिगेरी 1’ तयार झाला. तरी मार्कर जुळला म्हणून रोगट प्लॉटमधली चाचणी टाळता येत नाही.

प्रतिकारक्षम वाण शेतात वाळला, तर आधी झाड उपटून पाहा. खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी-काळी रेघ दिसली, तर मर. मुळाला तंतुमुळं नाहीत, सोटमूळ उपटतानाच कटकन मोडतं आणि पानं गवती पिवळी झालीत, तर ती कोरडी मूळकूज. पारा 30 अंशांवर गेला आणि जमिनीतली ओल उडाली की ती फुलोऱ्यापासून पुढे जोर करते. रोप लहान असताना जमिनीलगत पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे दिसले, तर मानकूज. हे तिन्ही रोग वेगळ्या बुरशींचे आहेत, त्यामुळे मर रोगाचा प्रतिकार बाकीच्या दोघांवर चालेल असं गृहीत धरू नका. कोरड्या मूळकुजीसाठी निवडच वेगळी करावी लागते, तीही मुद्दाम पाण्याचा ताण देऊन.