घरून व्हर्च्युअल असिस्टंटचं काम: सोलापुरात सुरुवात कशी करावी

व्हर्च्युअल असिस्टंट म्हणजे घरी बसून, फोन-इंटरनेटवरून दुसऱ्याच्या धंद्याची ऑफिसची कामं करणारा माणूस. पहिलं गिऱ्हाईक परदेशात शोधत बसू नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरवाले, दवाखाने, साडीची दुकानं यांची व्हॉट्सअ‍ॅपवरची ऑर्डर नीट नोंदवणारं माणूस त्यांना हवंच असतं. ‘सगळं करतो’ म्हणू नका. दोनच कामं ठरवा, उदाहरणार्थ ऑर्डर नोंदणी आणि थकबाकीचा पाठपुरावा.

नोंदीसाठी गूगल शीट पुरते. रकाने: तारीख, पार्टी, डिझाइन नंबर, साइज, रंग, नग, दर, आलेली रक्कम, बाकी, ट्रान्सपोर्ट. सर्वांत जास्त घोळ ‘नग’मध्ये होतो, पार्टी (माल घेणारा) डझनात बोलते, कारखाना नगात मोजतो. म्हणून एकक वेगळ्या रकान्यात लिहा आणि नोंदवलेली ऑर्डर पार्टीला लिहून पाठवून ‘बरोबर’ असं उत्तर घ्या. फोनवरची ऑर्डरही लेखी आल्याशिवाय चढवू नका.

पासवर्ड मागू नका. जीमेलला डेलिगेट अ‍ॅक्सेस (मालकाने पासवर्ड न देता त्याचा मेल हाताळायची दिलेली परवानगी), गूगल बिझनेस प्रोफाइलला (गूगलवर दिसणारी दुकानाची माहिती) मॅनेजर म्हणून प्रवेश घ्या. ओटीपी मालकाच्याच फोनवर जातो, त्यामुळे ओटीपी लागणाऱ्या कामाची वेळ आधी ठरवा, नाहीतर मालक गोडाऊनमध्ये आणि तुम्ही स्क्रीनसमोर.

तुमचे पैसे महिन्याच्या ठरावीक तासांवर लावा, समजा २० तास; वरच्या तासांचा दर आधीच लिहून द्या. निम्मे पैसे आगाऊ. ओळखीत हे मागायला जड जातं, तरी मागा.

राउटरला छोटा यूपीएस लावा आणि दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. फक्त सेवा देत असाल तर वार्षिक उलाढाल २० लाखांवर जाईपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही.