भाड्याच्या सदनिकेचा खरा परतावा
भाड्याने देण्यासाठी सदनिका घेताना दलालाने सांगितलेला बारा महिन्यांचा हिशेब न धरता एखादा महिना घर रिकामे राहील असे समजून भाडे अकराच महिन्यांचे धरावे. समजा, 80 लाखांच्या घराला महिना 22,000 रुपये भाडे येते, तर मिळणाऱ्या 2,42,000 रुपयांतून सोसायटीच्या देखभालीचे 48,000, मालमत्ता कराचे 12,000 आणि दलालीचे 22,000 वजा जाता हाती 1,60,000, म्हणजे जेमतेम 2 टक्के उरतात. गळका नळ आणि रंगकाम वेगळेच. महाराष्ट्रात सोसायटीला बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून घेतली जाणारी रक्कम, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, म्हणून बिलातील ती ओळ जरूर तपासावी. भाडेकरू ओळखीचा असला तरी करार नोंदवावाच, कारण 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार ती जबाबदारी घरमालकाची असून, नोंदणी नसल्यास उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.