घरच्या घरी गोधडीचा धंदा सुरू करायचाय? मग आधी हे वाचा

घरी बसल्या काहीतरी करावं असं आपल्याकडच्या निम्म्या बायांच्या डोक्यात असतंच, कोणी पापड-कुरडया करतं, कोणी ब्लाऊज शिवतं, कोणी रुखवताचं सामान बनवतं. मी इथे गोधडीबद्दल लिहितेय कारण जळगाव-धुळे-नंदुरबारकडे ती घराघरात शिवली जाते, हात बसलेला असतो, सामान फार लागत नाही आणि लाईट गेली तरी काम थांबत नाही. पण शिवता येणं आणि विकता येणं यात फरक आहे आणि बहुतेक जणी अडतात त्या भावावर. त्यामुळे भावाचा भाग नीट वाचा, बाकीचं पटपट वाचलं तरी चालेल.

१) सुरुवातीला एकच वस्तू धरा

डबल बेडच्या गोधडीपासून सुरुवात करू नका. ती हाताने शिवायला आठवडेच्या आठवडे जातात आणि तेवढ्या वेळात एकही रुपया येत नाही. बाळाची गोधडी घ्या, साधारण 30 बाय 40 इंच. कापड कमी लागतं, लवकर होते, पार्सलला हलकी, आणि बारसं वर्षभर कुठे ना कुठे असतंच. चार-पाच नग करून दोन ओळखीच्या घरी वापरायला द्या आणि महिनाभर धुऊन-वापरून कशी राहिली ते विचारा. चांगली झाली असं सगळेच म्हणतात, तुम्ही विचारायचं की टाके कुठे उसवले, रंग गेला का, बाळाला टोचलं का. आणि बाळाच्या गोधडीला टिकल्या, बटणं, मणी, लोंबते गोंडे काही लावायचं नाही. दिसायला छान दिसतं पण ते बाळाच्या तोंडात जातं.

२) कापड

सुतीच. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो आपल्याकडे, त्यात पॉलिस्टरची गोधडी कोण अंगाखाली घेणार? सुरत जवळ आहे, तिथे आपली माणसंही भरपूर आहेत, आणि किलोवर कटपीस स्वस्त मिळतात म्हणून पोतं भरून आणायचा मोह होतो, पण सुरतचा बराचसा माल सिंथेटिक असतो. ओळखायला सोपं आहे, दोन धागे काढून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते, सिंथेटिक वितळून त्याची कडक गोळी बनते.

वरच्या-खालच्या बाजूला नवं मऊ मलमल आणि आत जुनी सुती साडी, हे बाळासाठी चांगलं जमतं. मोठ्या गोधडीला मागून मांजरपाट चालतो पण तो आटतो, म्हणून आधी गरम पाण्यात भिजवून वाळवून मगच कापा. जुनी साडी उजेडात धरून बघा, घडीवर विरलेली असेल तर तो भाग काढून टाका. गडद लाल, निळा, हिरवा असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का ते पाहा, सुटत असेल तर ते कापड बाजूला. कापसाचा मुलूख आहे म्हणून आत रुई भरू का असं बऱ्याच जणी विचारतात. गादीला ठीक आहे, गोधडीत नको, टाके लांब असले की दोन धुण्यात रुईचे गोळे होतात.

३) शिवण

हे मी काय सांगू, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येत असेल. थर अंथरून कडा ताणून कोपऱ्यावर वजन ठेवायचं, मोठमोठे कच्चे टाके घालून सगळे थर धरून घ्यायचे, मग काठाकडून आत चौकोनात फिरत धावदोरा. दोन ओळींत बोटभर अंतर. विकायच्या मालाला दोरा चांगला पक्क्या रंगाचा सुतीच घ्या, दोऱ्याचा रंग गेला की गिऱ्हाईक गोधडीलाच नावं ठेवतं. तुकडे जोडायला आणि कडेला पट्टी लावायला मशीन वापरली तर दोन-तीन तास वाचतात, वापरा खुशाल, फक्त विचारलं तर खरं सांगा.

४) भाव

गल्लीतली बाई येते, हातात घेऊन उलटी-पालटी करते आणि म्हणते, "का वं बहिन, हाई कितलाले?" आणि आपण कापडाचे पैसे आठवून वर शे-पन्नास टाकून मोकळे होतो. इथेच धंदा बसतो.

वही घ्या. समोर घड्याळ ठेवून शिवा आणि बसल्याची-उठल्याची वेळ लिहा, मधे चहा, पोरांचा डबा, पाणी भरणं झालं तो वेळ धरू नका. समजा बाळाच्या एका गोधडीला निव्वळ 10 तास लागले. आता हिशोब असा, आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका:

मलमल पावणेदोन मीटर, 100 रुपये मीटरने 175. दोरा 25. पिशवी-पॅकिंग 20. झाले 220. तासाला 50 रुपये धरले तर हाताची मजुरी 500, म्हणजे 720. त्यावर दहा टक्के सुई, लाईट, बाजाराचं जाणं-येणं, डाग पडून बाद झालेला एखादा नग यासाठी, 72. एकूण 792.

हा तुमचा खर्च आहे, नफा नाही. मजुरी मिळाली मग नफा कशाला असं वाटतं, पण उद्या ऑर्डर वाढली आणि शेजारणीला शिवायला दिलं तर ते 500 तिला जातील, मग तुमच्याकडे काय राहिलं? म्हणून वर वीस टक्के धरा, साधारण 950 होतात. आणि ही गोधडी साडेचारशेला दिली तर साहित्य जाऊन 230 उरतात, म्हणजे तासाला 23 रुपये, तुम्हीच बघा निंदायला गेल्यावर आज किती रोज मिळतो ते.

दुकानात ठेवायला देणार असाल तर अजून एक हिशोब. दुकानदाराने तीस टक्के मागितले तर 950 मधून 285 गेले, हातात 665, म्हणजे खर्चही निघाला नाही. दुकानासाठी किंमत 1150 च्या आसपास ठेवावी लागते, आणि मग घरूनही फार कमीला विकता येत नाही कारण दुकानदाराला ते कळतंच. मावशी-काकू-नणंद यांना स्वस्तात द्यायची असेल तर द्या, पण वहीत पूर्ण भाव लिहून खाली सूट लिहा.

भाव ऐकून पाठ फिरवणारे असतील, असू द्या. चादर दोनशेला मिळते हे त्यांचंही खरं आहे, ते तुमचं गिऱ्हाईक नाही.

५) गिऱ्हाईक कुठे

मला विचाराल तर सगळ्यात चांगलं काम म्हणजे गिऱ्हाइकाच्याच जुन्या साड्यांची गोधडी. आजीच्या नऊवारी, आईच्या सुती साड्या लोकांनी पेटीत जपून ठेवलेल्या असतात, टाकवतही नाहीत आणि नेसवतही नाहीत. यात कापडाचा खर्च जवळजवळ नाही, पैसे मिळतात ते हाताचे, आणि भावावर घासाघीस कमी होते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरत-पुण्याहून लेकी माहेरी येतात तेव्हा दोन नमुने ओट्यावर वाळत टाका, बोलणं आपोआप निघतं. (हो, जाहिरातच आहे ती.)

पण लोकांच्या साड्या घेताना काटेकोर राहा. समोरच उलगडून विरलेलं-फाटलेलं दाखवा, फोटो काढा, नावाची चिठ्ठी टाचा, किती साड्या, माप काय, तारीख काय ते व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. अर्धे पैसे आधी. जरीची तार टोचते आणि दोरा अडकवते, म्हणून जरीचा काठ फक्त कडेला लावणार असं आधीच सांगा. उरलेले तुकडे परत द्यायचे.

स्टेटसला फोटो टाकताना सकाळच्या उजेडात खाटेवर पूर्ण पसरून एक, टाके जवळून एक आणि मागच्या बाजूचा एक. माप, कापड, भाव, धुवायचं कसं हे खालीच लिहा, "किंमत इनबॉक्स" करू नका, लोक कंटाळतात. यात्रेत महागडी गोधडी नेऊ नका, सारंगखेड्याला कितीही गर्दी असली तरी तिथे लोक दुसऱ्या मूडमध्ये असतात. त्यापेक्षा बचत गटात असाल तर उमेदच्या (बचत गटांसाठीचं सरकारी अभियान) प्रदर्शनांची चौकशी करा.

६) कागदपत्रं आणि कर्ज

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, आधारवर ऑनलाइन होते आणि सरकारी पोर्टलवर ती फुकट आहे, कोणी फी मागितली तर ती त्याची स्वतःची कमाई. राज्यातल्या राज्यात माल विकताना वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र सुरत आपल्याला घरासारखं असलं तरी राज्य दुसरं, आणि राज्याबाहेर विक्रीचे नियम वेगळे आहेत, हस्तकलेला त्यात काही सूट आहे, एकदा सीएला विचारून घ्या.

कर्ज पहिल्या वर्षी घेऊच नका असं माझं मत. मशीन जुनी मिळते. पुढे लागलंच तर सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात 50 हजारांपर्यंत विनातारण मिळतं. शिवणकाम हाच तुमचा धंदा असेल तर 2023 ला सुरू झालेली कारागिरांसाठीची पीएम विश्वकर्मा योजना बघा, त्यातल्या 18 कामांत शिंपीकाम आहे, प्रशिक्षण मिळतं आणि अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत, पण एका कुटुंबातून एकालाच.

७) हाताखाली बाया घेताना

मजुरी चौरस फुटावर ठरवा, नगावर नको, नाहीतर मोठी गोधडी कोणी हातात घेत नाही. नमुन्याचा एक तुकडा प्रत्येकीला द्या, टाका एवढाच आला पाहिजे म्हणून. पैसे माल विकल्यावर नाही, काम हातात आल्यावर लगेच.

आणि कॅलेंडर बघून चाला. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी जोरात सुरू होते, तेव्हा शिवायला बाई मिळत नाही, आणि थंडीची मागणी नेमकी त्याच वेळेला येते. साड्या-कापड उन्हाळ्यातच धुऊन कडक वाळवून ठेवा, पावसाळ्यात वाळत नाही आणि कुबट वास बसला की निघत नाही. शिवण श्रावण-भाद्रपदात निंदणीतून मोकळीक मिळेल तशी उरकून घ्या, आणि तयार माल कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पेटीत टाका, दिवाळीपर्यंत मधून एकदा ऊन दाखवलं म्हणजे झालं.